आयांच्या घरातली डुलती खुर्ची

मी एक डुलती खुर्ची बोलतेय. देवदाराची, वेताच्या बैठकीची. माझ्यात बसणाऱ्यांची तोंडं मला फारशी दिसत नाहीत. माणूस मला पाठीनं कळतो. कुणाची पाठ घाईत असते, कुणाची रुसलेली, कुणाची पार थकलेली. माझ्या वाट्याला बहुतेक थकलेल्याच आल्या, कारण माझं सगळं आयुष्य पोटुशी बायकांना टेकू देण्यात गेलं.

मला अन्सेल्मो सुतारानं घडवलं, त्याच्या बायकोसाठी. फिदेलिना तिचं नाव. पहिलटकरीण होती, शेवटचे दिवस चालले होते. एका संध्याकाळी ती त्याला म्हणाली, "झोपलं तर छातीत जळतं, बसलं तर कंबर जाते, उभं राहिलं तर पाय सुजतात. आता तूच सांग मी काय करू. आढ्याला लटकू?"

अन्सेल्मो बोलणारा माणूस नव्हता. कुणाच्या तरी कपाटासाठी राखून ठेवलेल्या फळ्या त्यानं दुसऱ्या दिवशी काढल्या आणि रंधा मारायला बसला. माझी बैठक त्यानं नेहमीपेक्षा रुंद केली. हात थोडे पुढं काढले, म्हणजे उठताना तिला जोर देता यावा. पाठीला कंबरेच्या जागी हलकासा बाक दिला. त्यासाठी तिला उभी करून पाठीवर तळहात ठेवून मापं घेतली. ती हसत होती, "टोपी शिवतोयस का माझ्या कमरेला?"

तिची तिन्ही मुलं माझ्यात वाढली, म्हणजे आधी पोटात आणि मग मांडीवर. मोठी झाली तशी कामाच्या शोधात सीमेपलीकडे कोस्ता रिकाला गेली. अन्सेल्मो छातीच्या दुखण्यानं गेला. घरात फिदेलिना आणि मी उरलो.

त्याच सुमाराला एल होकोते गावात, दवाखान्याच्या रस्त्यावर, बायकांनी मिळून एक घर उभं केलं. निळ्या दाराचं, बसकं, पुढं लांब ओसरी. डोंगरातल्या वस्त्यांवरून, जिथं गाडी पोचत नाही तिथून, दिवस भरत आलेल्या बायकांनी यावं, इथं राहावं, आणि कळा सुरू झाल्या की चार पावलांवरच्या दवाखान्यात जावं, यासाठी. गाव त्याला आयांचं घर म्हणू लागलं. तिथं रांधायला आणि बायकांवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं होतं. फिदेलिनानं आपली भांडी आणि मला बैलगाडीत घातलं आणि ती तिथं राहायलाच गेली. मान द्यायचा म्हणून सगळ्या तिला दोन्या फिदेलिना म्हणायच्या.

त्या ओसरीवर मी किती पाठी धरल्या ते मला सांगता येणार नाही. बायका यायच्या त्या गाठोडं घेऊन आणि तोंड लपवून. दोन दिवसांत लाज पळायची. मग ओसरीवर दुसरा विषय नसायचा. कुणाला मूळव्याध, कुणाच्या पोटाला खाज, कुणाच्या मांडीत शीर धरलेली. परसातल्या संडासापुढं सकाळपासून रांग. "तू आत्ताच तर जाऊन आलीस," मागची म्हणायची. पुढची म्हणायची, "ते तू याला सांग, माझ्या मुतपिशवीवर डोकं ठेवून झोपलाय." आणि सगळी रांग पोट धरून हसायची, मग त्यातल्या दोघींना हसू आवरेना म्हणून घाईनं आत सोडावं लागायचं.

माझ्यासाठी त्यांच्यात भांडणं व्हायची. ज्या बाईची कंबर जास्त धरली असेल तिचा मान, असा फिदेलिनाचा नियम होता. त्यामुळं ओसरीवर जी ती आपापली कंबर किती गेली ते वाढवून सांगायची.

दामियाना आली ती कॉफी तोडणीच्या दिवसांत. लास नुबेस नावाच्या उंच वस्तीवरची, पहिलटकरीण, एकोणीस वर्षांची. अर्धा दिवस खेचरावर आणि पुढं दुधाच्या गाडीत उभी राहून आली होती. बरोबर नवरा होता, कातालिनो. त्यानं गाठोडं ओसरीवर ठेवलं, हॅट काढली, परत घातली.

"मळ्यात कॉफी पिकलीय," तो फिदेलिनाला म्हणाला. "आता सोडली तर गळून जाईल."

"जा तू. पोर झालं की रेडिओवरून निरोप देऊ. तुझ्याकडं रेडिओ आहे ना?"

"शेजारी आहे."

"मग शेजाऱ्याशी नीट वाग."

तो गेला. दामियाना माझ्यात बसली आणि रस्त्याच्या वळणापर्यंत त्याच्याकडं बघत राहिली. तिची पाठ ताठ होती, टेकतच नव्हती. मी थोडी मागं झुकले, ती पुढं झाली. शेवटी शेजारच्या बाकावरून एक जाड आवाज आला, "टेक गं. खुर्ची चावत नाही. चावत असती तर माझ्यातलं काही उरलं नसतं."

ती ओतिलिया. खालच्या नदीकाठची, पाचव्या खेपेची. अंगानं भरदार, आवाजानं त्याहून भरदार. तिला ह्या घराची सवय होती. मागचं पोरही तिचं इथंच झालेलं. तिनं दामियानाला बघितलं आणि तिचा ताबाच घेतला म्हणा ना.

"पाय बघ तुझे. मक्याच्या पिठाचे गोळे झालेत. वर कर, त्या स्टुलावर. चप्पल कुणाची घातलीयस?"

"त्याचीच. माझे जोडे शिरत नाहीत."

"मग तो काय घालून गेला?"

दामियानाला ते आत्ता सुचलं. कातालिनो तिचे जोडे काखेत मारून, स्वतःचे जुने रबरी बूट घालून गेला होता. ती हसली आणि तेव्हा तिची पाठ पहिल्यांदा मला टेकली.

पुढचे दिवस मला स्पष्ट आठवतात. सकाळी तिच्या पोटरीत गोळा यायचा आणि ती कळवळून उठायची. ओतिलिया तिचा पाय धरायची. "टाच पुढं रेट. बोटं स्वतःकडं ओढ. अशी. ओरड हवं तर, पैसे पडत नाहीत." कंबर फार दुखली की ओतिलिया तिला बाकाला धरून वाकवायची आणि मुठीनं माकडहाडाच्या वर दाबत राहायची. मग आपली शाल पोटाखालून घेऊन मागं बांधायची, म्हणजे पोटाचं ओझं थोडं उचललं जाईल. झोपताना डाव्या कुशीवर, गुडघ्यांच्या मधे उशी. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, मग हातावर जोर. हे सगळं दामियाना शाळेतल्या मुलीसारखं ऐकायची.

"दोन्या, माझ्या बरगडीत कुणीतरी कोपर खुपसून बसलंय," ती एकदा म्हणाली.

"हात डोक्यावरून ने, दुसऱ्या बाजूला वाक," फिदेलिना भाकरी थापता थापता आतून म्हणाली. "त्याला जागा दे. भाडेकरू आहे तो, भांडून निघायचा नाही."

सगळ्यात जास्त त्रास तिला जळजळीचा होता. दोन घास खाल्ले की छातीपासून घशापर्यंत आग. ओतिलिया म्हणायची, "जळजळ म्हणजे केस. माझ्या तिसऱ्याच्या वेळी इथपर्यंत चूल पेटलेली. बाहेर आला तो माकडच. दाईनं आधी कंगवा मागितला."

फिदेलिना म्हणायची, "केसांचं मला माहीत नाही. पोटभर घुगऱ्या खाऊन आडवी झालीस की जळणारच. थोडं थोडं खा आणि खाल्ल्यावर खुर्चीत बस."

म्हणून जेवण झालं की ती माझ्यात बसायची. दुपारचं ऊन ओसरीच्या कडेला यायचं. मी हळूहळू डुलायची. आणि रोज त्याच वेळी तिच्या पोटातल्या बाळाला उचक्या लागायच्या. बाहेरून काही दिसायचं नाही. पण तिच्या पाठीतून, माझ्या पट्ट्यांतून ते मला कळायचं. टुक. थोडं थांबून परत टुक. दामियाना पोटावरून हात फिरवत राहायची आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात काहीतरी म्हणायची. मग उचक्या थांबायच्या. मला लाकडाला सांगता येईल तेवढंच सांगते, मी त्या वेळेची वाट बघायची.

एकदा तिला कळा आल्यासारखं वाटलं. फिदेलिना तिला दवाखान्यात घेऊन गेली. तिथं पोट तपासलं, ठोके ऐकले, सगळं ठीक होतं. नर्स म्हणाली, "अजून अवकाश आहे, पोरी. ह्या खोट्या कळा. खऱ्या आल्या की तू अशी चालत येणार नाहीस." बोलली ती हसूनच. ओसरीवरही तिची थोडी थट्टा झाली. पण दामियाना मुळातच संकोची. आपण उगाच लोकांना त्रास दिला, हे तिच्या मनात बसून राहिलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी फिदेलिना खाली बाजाराच्या गावाला गेली, तांदूळ, साबण, तेल आणायला. परतीची बस चुकली आणि ती बहिणीकडं राहिली.

त्या दुपारी दामियाना जेवून माझ्यात बसली. ऊन आलं. उचक्या लागल्या नाहीत.

मला वाटलं, लागतील. ती नेहमीसारखी पोटावर हात ठेवून बसली होती. मी डुलत होते. तिच्या पाठीतून मला तिचा श्वास कळत होता, तिच्या छातीचे ठोके कळत होते. दुसरं काही कळत नव्हतं. ऊन ओसरीवरून सरकून अंगणात गेलं तरी ती उठली नाही.

"ओतिलिया," ती म्हणाली, "आज हा गप्प आहे."

ओतिलिया बाकावर शेंगा सोलत होती. तिची स्वतःची कंबर सकाळपासून धरलेली. "शेवटी शेवटी जागा उरत नाही गं. हलणार कुठं? माझी चौथी अशीच होती. झोपलंय ते."

"सकाळपासून."

"मग भरपूर झोपू दे. बाहेर आलं की ना ते झोपणार ना तू."

तिनं दामियानाला उसाचा गार रस आणून दिला, पोटावर हलकेच टिचक्या मारल्या, डाव्या कुशीवर निजवलं. थोड्या वेळानं दामियाना म्हणाली, "वाटतं हलला." ओतिलिया म्हणाली, "बघ." दवाखाना चार पावलांवर होता. पण ती आत्ताच तर तिथून परत पाठवली गेली होती. "दोन्या आली की विचारीन," ती म्हणाली.

मी काय करणार होते? मला तोंड नव्हतं.

सकाळच्या बसनं फिदेलिना आली. पिशव्या पायरीवर ठेवता ठेवता तिनं दामियानाचा चेहरा बघितला आणि पिशव्या तशाच राहिल्या.

"काय झालं?"

"हा गप्प आहे, दोन्या."

"कधीपासून?"

दामियानानं सांगितलं. फिदेलिनानं डोक्याचा रुमालसुद्धा सोडला नाही. तिचा दंड धरला आणि दोघी निघाल्या. ओतिलिया दारात उभी राहिली. तिच्या हातातली शेंगांची टोपली कधी खाली गेली ते तिलाही कळलं नाही.

ठोके मिळाले नाहीत. नर्सनं शोधले, डॉक्टरनं शोधले, मग यंत्र लावून शोधले.

मेलेल्या बाळालाही जन्म द्यावाच लागतो, हे मला तेव्हा कळलं. सगळ्या कळा त्याच, तितक्याच. त्याच दिवशी ओतिलियालाही कळा सुरू झाल्या आणि मधे एका पडद्याचं अंतर ठेवून दोघी बाळंत झाल्या. ओतिलियाला मुलगा झाला, रडून दवाखाना डोक्यावर घेणारा. दामियानाला मुलगी झाली.

फिदेलिना दुसऱ्या दिवशी भांडी घासत होती. ओसरीवर मी एकटीच होते. ती माझ्याकडं बघून बोलली की स्वतःशी, कोण जाणे. "केस मानेपर्यंत होते," ती म्हणाली. "काळे, ओले, दाट. मी विंचरले." मग तिनं नळ सोडला आणि बराच वेळ बंद केला नाही.

रेडिओवरून निरोप गेला. रेडिओवर असली गोष्ट सांगत नाहीत. म्हणून निवेदक एवढंच म्हणाला की लास नुबेसच्या कातालिनोनं आयांच्या घरी यावं, त्याची वाट बघतायत.

दामियानाला दवाखान्यात इतरांच्या रडणाऱ्या बाळांमध्ये कसं ठेवायचं, म्हणून फिदेलिनानं तिला परत आयांच्या घरी आणलं. आतल्या खोलीत बाळाची पांढरी छोटी पेटी ठेवली होती, वर जाईची फुलं. दामियाना ओसरीवर माझ्यात बसली. तिची पाठ हलकी झाली होती. मी तिच्या आधीच्या वजनाला सरावले होते. ती बसली आणि मी एकदम मागं गेले.

फिदेलिनानं तिला कोंबडीचं पातळ सार आणून दिलं. तिनं थोडं प्यायलं. मग वाटी मांडीवर ठेवून ती म्हणाली, "दोन्या, जळजळ थांबली."

"हो, बाई माझे."

"सगळंच थांबलं. श्वास पुरता येतो. बरगडीत कुणी नाही. काल मी पाठीवर झोपले." वाटी बाजूला ठेवत ती म्हणाली, "मी किती कुरकुर केली."

"सगळ्या करतात."

"एकदासुद्धा मला वाटलं नाही की हे चांगलं चाललंय."

फिदेलिना तिच्या पायाशी खाली बसली.  तिनं दामियानाचे पाय मांडीवर घेतले आणि ते अजून सुजलेलेच असल्यासारखे चोळत राहिली.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. शरीराला कुणी सांगितलंच नव्हतं. पोलकं भिजून माझ्या वेताच्या बैठकीपर्यंत ओघळ आले. फिदेलिनानं कोबीची गार पानं छातीवर ठेवली, वरून फडकं घट्ट बांधलं. दवाखान्याकडून कुणा बाळाचं रडणं ऐकू आलं की फडकं परत भिजायचं.  दामियानानं दोन्ही हातांनी माझे हात धरले होते. अन्सेल्मोनं ते उठण्यासाठी पुढं काढले होते. ती त्यांना धरून बसून राहिली.

त्याच दुपारी ओतिलिया आली. बाळाला तिनं आत दुसरीकडं ठेवलं होतं. ती बाकावर बसली नाही, ओसरीच्या जमिनीवर बसली. 

"मी म्हटलं, झोपलंय," ती म्हणाली.

दामियाना रस्त्याकडं बघत होती.

"तू विचारलंस आणि मी म्हटलं, झोपलंय. मला काय कळतं गं? चार पोरं झालेली म्हणून मला सगळं कळतं असं मला वाटलं."

 मग दामियाना म्हणाली, "घेऊन ये."

"काय?"

"तुझा मुलगा. बघू दे."

ओतिलिया उठली, बाळाला घेऊन आली. दामियानानं त्याला घेतलं नाही. नुसती वाकून बघत राहिली. त्याच्या मुठी, त्याचे कान.

"उचक्या लागतात याला?"

"लागतात."

"पाठीवरून हात फिरव. जोरात नाही. मी पोटावरून फिरवायचे, थांबायच्या."

ओतिलिया बाळाला घेऊन आत पळाली. तिचं रडणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. दामियानानं तिला माफ केलं की नाही, हे मला माहीत नाही. तिच्या पाठीवरून मला ते कळलं नाही.

कातालिनो संध्याकाळी आला. खेचर रस्त्यावर बांधलं. इस्त्रीचा सदरा घातला होता, काखेत पाय बांधलेली जिवंत कोंबडी होती, बाळंतिणीच्या सारासाठी. फिदेलिना ओसरीच्या पायरीवर त्याला सामोरी गेली.

"मुलगा की मुलगी, दोन्या?"

फिदेलिनानं आधी त्याच्या काखेतून कोंबडी काढून घेतली. "मुलगी," ती म्हणाली.

तो हसला. "मी सगळ्यांना मुलगीच सांगत आलो. पैज लावलीय. कुणासारखी..." आणि तेव्हा त्याला माझ्यात बसलेली दामियाना दिसली. तिच्या रिकाम्या मांडीकडं त्याचं लक्ष गेलं. हसू तसंच तोंडावर राहिलं, त्याला ते काढायला जमेना.

"मी तिला इथपर्यंत आणलं होतं," दामियाना म्हणाली. "कातालिनो, मी तिला चांगली इथपर्यंत आणली होती."

तो येऊन तिच्यापुढं उकिडवा बसला. हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. मोठ्या माणसाला मी तसं रडताना पाहिलं नव्हतं. आवाज नाही, नुसता सदऱ्याचा खांदा हलत होता. मग त्यानं खोगिराच्या पिशवीतून तिचे जोडे काढले. पुसून चकचकीत केलेले. त्यानं ते तिच्या पायांत घातले. सूज उतरू लागली होती. थोडं रेटावं लागलं, पण शिरले.

दुसऱ्या दिवशी उजाडता ते निघाले. ती खेचरावर बसली, तो पेटी छातीशी धरून पुढं चालत होता. फिदेलिनानं कोंबडी त्यांना परत दिली नाही. कापलीही नाही. ती कोंबडी म्हातारी होऊन मेली.

त्यानंतर फिदेलिना बाजाराला गेली नाही, दुसऱ्या कुणाला पाठवायची. रोज संध्याकाळी ती ओसरीवरच्या एकेका बाईपुढं बसायची, पोटावर हात ठेवायची आणि विचारायची, "भाडेकरू काय म्हणतो?" आतून उत्तर येईपर्यंत हात उचलायची नाही. येत नसेल तर जेवण चुलीवर सोडून बाईला दवाखान्यात न्यायची. तिथं एकदा कुणीतरी म्हणालं, दोन्या, तुम्ही उगाच घाबरता. फिदेलिना म्हणाली, "होय, उगाच. ठोके ऐकवा."

दोन वर्षांनी रस्त्यावरून बातमी आली की दामियानाला परत दिवस गेलेत आणि ती इथंच येणार आहे. तेव्हा फिदेलिनानं मला उचललं आणि स्वयंपाकघरामागं, सरपणाच्या आडोशाला नेऊन ठेवलं. "रागावू नकोस," ती मला म्हणाली. "तिनं तुला बघायला नको." मी रागावले नाही. ओसरीवर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या.

दामियाना आली. भिंतीच्या फटीतून मला तिचा आवाज कळायचा, पण तो फार कमी यायचा. ह्या खेपेला ती एका शब्दानं कुरकुरली नाही. बाकीच्या बायका कंबरेनं विव्हळायच्या, जळजळीनं शिव्या द्यायच्या. ती गप्प. नव्या पोरी फिदेलिनाला विचारायच्या, हिला काहीच कसं होत नाही? तिला सगळं होत होतं. एका सकाळी तिच्या बरगडीत इतकी जोरात लाथ बसली की हातातला पेला पडला. फिदेलिना धावली, तर ती भिंतीला धरून उभी होती, डोळे मिटून, आणि म्हणत होती, "अजून. अजून मार."

तिला मुलगी झाली. रडली, दूध प्यायली, घरी गेली.

आता फिदेलिनाही थकलीय. तिची लेक तिला कोस्ता रिकाला घेऊन गेली. जाताना तिनं माझ्या पाठीच्या बाकावर तळहात टेकवला, तेवढंच. नव्या बाई चांगल्या आहेत, कामसू आहेत, पण माझ्यावर ओली फडकी वाळत घालतात. कोंबड्या माझ्या हातांवर बसतात. एका बाजूची डुलती पट्टी कुजलीय. एखाद्या पावसाळ्यात कोरडं सरपण संपलं की माझी पाळी येईल. त्याचं मला काही नाही. लाकूड होते, चुलीत जाईन, कुणासाठी तरी पेज शिजेल.

माझं सांगणं एवढंच. तुमच्या घरात कुणाचे दिवस भरत आले असतील तर तिच्या कंबरेला उशी द्या, पाय चोळा, तिची कुरकुर ऐका. ती कुरकुर गोड मानून घ्या. आणि ती म्हणाली की बाळ गप्प आहे, तर झोपलंय म्हणू नका. उठा आणि तिला घेऊन जा. हसू झालं तर होऊ दे.

एक शेवटची भेट सांगते आणि थांबते.

गेल्या कॉफी तोडणीनंतर दामियाना गावात आली होती, मुलीला लस टोचायला. एल्बा नाव तिचं, चुरूचुरू बोलते. फिदेलिना लेकीकडं गेल्याचं दामियानाला माहीत नव्हतं. नव्या बाईंशी दोन शब्द बोलून ती पाणी प्यायला मागं आली आणि तिनं मला बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती जागीच उभी राहिली.

पोरं कुठं थांबतात? एल्बा धावत आली, फडकी बाजूला करून माझ्यावर चढली. मी एका अंगाला कलले. तिला गंमत वाटली.

"उतर गं," नव्या बाई आतून म्हणाल्या. "मोडकी आहे ती, पडशील."

"बसू द्या," दामियाना म्हणाली. ती जवळ आली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "इथं तुझी ताई बसायची."

"कुठली ताई? आपल्या संत्र्याच्या झाडाखालची?"

"हो."

"माझ्याएवढी होती?"

"नाही. लहान होती."

"तिचं नाव काय?"

दामियानानं नाव सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकलं. फिदेलिनालाही ते माहीत नव्हतं. त्यांच्या घरचं नाव आहे, मी ते इथं सांगत नाही.

एल्बानं ते नाव एकदा म्हणून बघितलं. मग ती सरकत सरकत बैठकीच्या कडेला गेली, शेजारची जागा तळहातानं झाडली, आणि तिथं कुणालाही धक्का लागणार नाही अशी अंग चोरून बसली.